गर्भवती माता आणि रुबेलाचा संसर्ग



अंगावर बारीक पुरळ, थोडा ताप, कानामागे व मानेवर सुजलेल्या गाठी. आणि तीन-चार दिवसांत मूल पुन्हा अंगणात खेळू लागते. रुबेला मुलांच्या बाबतीत इतका सौम्य असतो की, घरची मंडळी तो विसरूनही जातात. परंतु त्या मुलाच्या सहवासात एखादी गर्भवती भगिनी आली असेल, तर तो विसरून चालणार नाही.

सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांना १९४१ साली अनेक अर्भकांच्या डोळ्यांत जन्मतःच मोतीबिंदू आढळला. त्यांपैकी बहुतेकांच्या मातांना गरोदरपणाच्या आरंभी रुबेला झाला होता. पुढे बहिरेपणा आणि हृदयाचे दोषही याच कारणाने उद्भवतात, हे सिद्ध झाले. पहिल्या बारा आठवड्यांत मातेला संसर्ग झाल्यास दहापैकी नऊ गर्भांपर्यंत बाधा पोहोचू शकते. वीस आठवड्यांनंतर मात्र हा धोका फारच क्वचित उरतो.

मग अशा भगिनीने काय करावे? प्रथम संपर्काची तारीख टिपून ठेवावी. पुरळ उठण्यापूर्वी सुमारे आठवडाभर आणि त्यानंतर आठवडाभर रोगी इतरांना संसर्ग देऊ शकतो. त्यानंतर विनाविलंब डॉक्टरांकडे जाऊन रक्ततपासणी करून घ्यावी. पूर्वीच्या लसीमुळे वा आजारामुळे तयार झालेली प्रतिपिंडे त्या वेळी आढळली, तर बहुधा चिंतेचे कारण उरत नाही. ती न आढळल्यास काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते. म्हणूनच पहिली तपासणी लांबवू नये. उशिरा घेतलेल्या रक्तावरून प्रतिपिंडे जुनी की नवी, हे ठरविणे अवघड होते.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. नुसत्या पुरळावरून रुबेलाचे निदान करता येत नाही. शक्य तर त्या मुलाचीही तपासणी व्हावी. काही वेळा चाचणीचा एखादा अहवालही फसवा निघतो. तेव्हा एकाच कागदाच्या आधारे, घाबरून, गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. संसर्ग निश्चित ठरल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पुढील निर्णयात, १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार, सज्ञान स्त्रीची स्वतःची संमतीच आवश्यक असते. कुटुंबाने तिला आधार द्यावा, धाक घालू नये.

गरोदरपणात रुबेलाची लस देत नाहीत आणि संसर्ग झाल्यावर तो नाहीसा करणारे औषधही उपलब्ध नाही. म्हणून खरे संरक्षण आधीच मिळवावे लागते. लस घेतल्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळावी. प्रतिकारशक्ती नसलेल्या मातेने प्रसूतीनंतर लस घ्यावी. स्तनपानास तिची आडकाठी नाही.

महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालील मुलामुलींसाठी गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. आता नियमित लसीकरणात बालकांना या लसीच्या दोन मात्रा मोफत मिळतात: पहिली नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान.

शिक्षकांनी ताप-पुरळाची वर्दी प्राथमिक आरोग्य केंद्रास त्वरित द्यावी आणि शाळेतील गर्भवती सहकारी भगिनींनाही सावध करावे. पंचायत सदस्यांनी गावातील एकही बालक दोन मात्रांवाचून राहणार नाही, हे पाहावे. आज अंगणवाडीत टोचलेली ही लस उद्याच्या एखाद्या अर्भकाची दृष्टी आणि श्रवणशक्ती राखणार आहे.