खरं सांगणाऱ्याचा तोटा



पशुवैद्यकाची पदवी घेऊन तुमच्यातले काहीजण आता सार्वजनिक आरोग्य, जागतिक आरोग्य, आंतरराष्ट्रीय विकास अशा विषयांत पदव्युत्तर शिक्षण घ्यायला निघाले आहेत. कुणाचा प्रवेश मुंबईत झालाय, कुणी परदेशात अर्ज केलाय. घरी प्रश्न नक्की आला असेल: जनावरांचा डॉक्टर झालास, मग आता हे आणखी कशासाठी? प्रश्न योग्य आहे. त्याचं उत्तर शोधायला मला शिरवळच्या या महाविद्यालयापासून फार लांब जावं लागत नाही.

नायगाव आपल्याच खंडाळा तालुक्यात आहे. सावित्रीबाई फुले तिथे १८३१ साली जन्मल्या. त्यांनी काढलेल्या शाळा सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्यांचे अखेरचे दिवस जागतिक आरोग्याच्या प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवले जावेत, असं मला मनापासून वाटतं. १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये पसरलेला प्लेग १८९६ मध्ये मुंबई बंदरात पोचला आणि तिथून पुण्यात शिरला. सरकारने १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा केला; कोरोनात आपण ज्याच्या आधारे घरात बसलो, तोच हा कायदा. पुण्यात रँड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या प्लेग कमिटीने घरझडतीसाठी सैनिक पाठवले. रोगी सापडला की त्याला रुग्णालयात न्यायचं, घरच्यांना छावणीत ठेवायचं, सामान जाळायचं. लोकांनी काय केलं? रोगी लपवले. माळ्यावर लपवले, नातेवाइकांकडे धाडले, आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला.

त्याच साथीत सावित्रीबाईंनी मुलाला, डॉ. यशवंत यांना बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना सुरू करवला. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन तिथे आणलं. त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रँडकडे कायदा होता, पैसा होता, शिपाई होते. पण आजार उघड करणाऱ्या घराचा काही फायदा होईल, अशी एकही गोष्ट त्याच्या योजनेत नव्हती. सावित्रीबाईंच्या दवाखान्यात ती होती. आजारी मूल तिथे आणलं तर त्याच्यावर उपचार होणार होते आणि त्याच्या आईचा अपमान होणार नव्हता.

मला आज एवढंच सांगायचं आहे. रोगाची पहिली बातमी देणाऱ्याचा तोटा होत असेल तर बातमी येत नाही. मग तुमची प्रयोगशाळा कितीही उत्तम असो, नमुना तिच्यापर्यंत पोचत नाही.

हे फक्त घरापुरतं खरं असतं तर ते शिकायला परदेशी विद्यापीठाची गरज नव्हती. पण देशही असेच वागतात. बर्ड फ्लूच्या काळात, २००७ च्या सुमारास, इंडोनेशियाने आपल्याकडचे विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देणं थांबवलं. नमुने आम्ही द्यायचे, त्यावरून लस श्रीमंत देशांतल्या कंपन्यांनी करायची आणि ती आम्हालाच परवडायची नाही, ही त्यांची तक्रार होती. त्यावर तोडगा म्हणून इन्फ्लुएन्झाच्या नमुन्यांची आणि लाभाच्या वाटणीची चौकट तयार व्हायला २०११ उजाडलं. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉनची बातमी तत्परतेने जगाला दिली. बक्षीस काय मिळालं? काही दिवसांतच अनेक देशांनी त्यांची विमानं बंद केली. २०२५ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार मंजूर केला, तेव्हाही नमुने आणि लाभ यांच्या वाटणीचा भाग पुढच्या वाटाघाटींसाठी बाजूला ठेवावा लागला. तुम्ही ज्या वर्गात बसणार आहात तिथे या करारावर निबंध लिहायला सांगतील. लिहिताना पुण्यातला माळ्यावर लपवलेला रोगी डोळ्यांसमोर ठेवा.

आता आपल्या व्यवसायाविषयी. माणसाने आजवर पृथ्वीवरून दोनच रोग पूर्ण हटवले आहेत. देवी, १९८० साली. आणि बुळकांडी, २०११ साली. दुसरा रोग पशुवैद्यांनी घालवला आणि ही गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही याचं मला दुःख आहे. बुळकांडीसारख्या रोगांच्या संशोधनासाठी भारत सरकारने १८८९ मध्ये प्रयोगशाळा उघडली ती पुण्यात. चार वर्षांनी ती मुक्तेश्वरला हलली आणि तिचीच पुढे भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था झाली. त्याच सुमाराला इटलीच्या फौजेबरोबर आलेल्या गुरांतून बुळकांडी पूर्व आफ्रिकेत शिरली. इथिओपियातली बहुतेक गुरं मेली, नांगराला बैल उरले नाहीत आणि पाठोपाठ भीषण दुष्काळ पडला. माणसाला न होणाऱ्या रोगाने माणसं मेली. घरच्यांना आणखी उत्तर हवं असेल तर हे सांगा.

वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात १९६० च्या सुमारास चांगली लस तयार केली. ती थंड ठेवावी लागे. जिथे रस्ता नाही, वीज नाही आणि लढाई चालू आहे, तिथल्या कळपांपर्यंत ती जाईना. पुढे काही आठवडे शीतपेटीशिवाय टिकणारी लस आली आणि ती टोचायला पशुपालकांतल्याच माणसांना शिकवलं गेलं. रोग कुठे उरला आहे हेसुद्धा त्यांनीच सांगितलं. गुराखी का बोलले? कारण त्यांनी बातमी दिली की त्यांच्या कळपाला लस मिळत होती. भारतात शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये झाला. या सभागृहातल्या ज्येष्ठ प्राध्यापकांच्या पिढीने त्या मोहिमेचे दिवस पाहिले आहेत. त्यांच्या निवृत्तीआधी त्यांच्याजवळ बसा आणि ते सगळं लिहून घ्या.

पदव्युत्तर शिक्षणाबद्दल दोन शब्द. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकलं आणि १९७० मध्ये जामखेडला कामाला लागलं. अभय आणि राणी बंग त्याच विद्यापीठातून परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत त्यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. आरोळे जामखेडला आले तेव्हा दुष्काळ होता. लोकांनी औषधाआधी पाणी आणि अन्न मागितलं. त्यांनी ते ऐकलं, विंधन विहिरी आणि मुलांच्या जेवणापासून सुरुवात केली, आणि मग गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांची पदवी मोठी होती, पण मला त्यांचं त्या मागणीपुढे थांबणं अधिक मोठं वाटतं. तुमच्या अभ्यासक्रमात साथरोगशास्त्र असेल, आरोग्याचं अर्थशास्त्र असेल, संख्याशास्त्र असेल. संख्याशास्त्राला घाबरू नका, ते मन लावून शिका. गरिबाच्या बाजूचा युक्तिवाद आकड्यांत कच्चा असेल तर मंत्रालयातही टिकत नाही आणि जिनिव्हातही.

शेवटी एक काम सुचवतो. प्रबंधाला विषय शोधत असाल तर हा घ्या.

नीरेच्या खोऱ्यातला कुठलाही गोठा डोळ्यांपुढे आणा. गाय सातव्या महिन्यात गाभडते. वार अडकते. मालक किंवा मालकीण उघड्या हातांनी ती काढते. काही आठवड्यांनी माणसाला ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. कंबर आणि सांधे धरतात. दवाखान्यात मलेरिया, टायफॉइड तपासतात. गोठ्यात काय झालं हे तिथे कुणी विचारत नाही. हा ब्रुसेलोसिस आहे हे तुम्हाला ऐकताक्षणी कळलं. माल्टात थेमिस्टोक्लीस झामित यांनी १९०५ मध्ये शेळीच्या दुधापर्यंत त्याचा माग काढला. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं आपल्याला वाट माहीत आहे. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना लस दिली जाते. ते फार चांगलं काम आहे आणि तुमच्यातले कितीतरी जण ते करतील. स्वतःला सुई टोचून घेऊ नका, ती लस जिवंत जंतूंची आहे.

पण आज गोठ्यात उभी असलेली बाधित गाय? अनेक श्रीमंत देशांनी अशी जनावरं तपासून मारली आणि मालकाला पैसे दिले. आपल्याकडे तो मार्ग नाही. रोगाचं नाव बाहेर पडलं तर गाईला किंमत राहत नाही, दूध कुणी घेत नाही, गाईवरचं कर्ज मात्र राहतं. म्हणून मालक गप्प राहतो आणि गाय बाजारात विकतो. ती दुसऱ्या गोठ्यात जाते. त्याला दोष देऊन काही साधणार नाही, त्याच्या जागी आपणही हेच केलं असतं. २०२२ मध्ये लम्पीने मेलेल्या जनावरांची भरपाई महाराष्ट्र सरकारने दिली होती. दुधाळ गाईला तीस हजार रुपये. गाय मेल्यावर पैसे देता येतात, तर ती जिवंत असताना, मालकाने खरं सांगितल्यावर, त्याला काय देता येईल? भरपाई, विमा, बाधित गाईंसाठी वेगळा गोठा, पाश्चराइज होणाऱ्या दुधाची हमी? खर्च किती येईल, तो दूध संघाने किती उचलायचा, सरकारने किती? पशुसंवर्धन खात्याचा दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांनी एकमेकांना कुठल्या कागदावर कळवायचं? सातारा-सांगलीच्या दोन-चार तालुक्यांत हे मोजता येईल. ते मोजा, हिशेब मांडा आणि तो इथल्या दूध संघांपुढे मराठीत वाचून दाखवा. मला त्या बैठकीचं निमंत्रण पाठवा, मी येईन.