भाड्याची वस्तू आणि करार मोडण्याचा हक्क
(भाषणाचा मजकूर)



सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत वस्तू भाड्याने आणण्याची रीत जुनीच आहे. लग्नकार्यासाठी मांडव आणि भांडी, जत्रेसाठी ध्वनिक्षेपक, आणि रंगीत दूरचित्रवाणीची नवलाई होती त्या काळात एका रात्रीपुरता आणलेला व्हिडिओ, हे सारे व्यवहार तोंडी होत. दुकानदार ओळखीचा असे. लग्नाची तिथी पुढे गेली तर निरोप धाडला की काम भागे; फार तर विसाराचे पैसे बुडत. अलीकडे फ्रीज, कपडे धुण्याचे यंत्र, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र अशा घरगुती वस्तूही महिन्याच्या भाड्याने मिळू लागल्या आहेत. मात्र येथे मालक परगावी असतो, व्यवहार मोबाइलच्या पडद्यावर होतो आणि करार लांबलचक, बहुधा इंग्रजीत असतो. ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट टेकले की तो पुरा झाला.

असा व्यवहार करण्याची गरज कोणाला पडते? कराड किंवा मिरजेस वैद्यकीय शिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्यांना, शिरवळ व कुपवाड येथील औद्योगिक वसाहतींतील कामगारांना आणि बदलीच्या नोकरीतील अधिकाऱ्यांना व शिक्षकांना. ज्यांचा मुक्काम पक्का नाही, तीच मंडळी भाड्याची वस्तू पसंत करतात. म्हणजे मुदतीपूर्वी वस्तू परत करण्याची वेळ नेमकी यांच्यावरच येणार, आणि कराराचे सर्वांत जाचक कलम असते तेही नेमके यासंबंधीचेच.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. दूरस्थ पद्धतीने केलेला कोणताही करार काही दिवसांच्या आत विनाकारण रद्द करता येतो, असे अनेक सुशिक्षितही मानतात. युरोपीय संघाच्या देशांत अशा बहुतेक करारांना चौदा दिवसांची मुभा आहे. भारतात सर्वसाधारण स्वरूपाची अशी मुभा कोणत्याही कायद्याने दिलेली नाही. वस्तू हप्त्याने घेतली आणि हप्त्यांसाठी मोबाइलवरून कर्ज काढले, तर त्या कर्जातून बाहेर पडण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार किमान एक दिवसाचा अवधी ऋणकोस द्यावा लागतो. त्या अवधीत मुद्दल व तेवढ्या काळाचा खर्च भरून दंडाविना मोकळे होता येते. केवळ भाड्याच्या व्यवहारास हा नियम लागू नाही.

संसदेने एकदा या दिशेने पाऊल उचलले होते. १९७२ च्या भाडेखरेदी अधिनियमात, वस्तू भाडेखरेदीने घेणाऱ्यास चौदा दिवसांची लेखी सूचना देऊन व वस्तू परत करून करार संपविण्याचा हक्क दिलेला होता. तो कायदा संमत झाला, पण कधीच अमलात आला नाही, आणि २००५ साली तो रद्द करण्यात आला. तो भाडेखरेदीपुरताच होता हे खरे. तथापि तो चालू राहिला असता तर आजच्या भाडेकरारांना एक नमुना तरी समोर असता. हे नुकसान थोडे नव्हे.

मग ग्राहकाच्या हाती काय उरते? एक कल्पित उदाहरण घेऊ. कराडच्या माध्यमिक शाळेतील एका शिक्षकाने बारा महिन्यांच्या मुदतीवर फ्रीज घेतला. भाडे दरमहा नऊशे रुपये, अनामत दोन हजार. सात महिने भाडे नियमित भरल्यावर त्यांची बदली जतला झाली. कंपनी जतमध्ये सेवा देत नाही. गुरुजींनी फ्रीज घेऊन जाण्यास कळविले, तेव्हा उत्तर आले: उरलेल्या पाच महिन्यांचे साडेचार हजार रुपये द्यावे लागतील, अनामत त्यात वळती करून घेतली आहे, वर अडीच हजार पाठवावेत.

करारावर संमती दिली होती, सबब पैसे दिलेच पाहिजेत, असे गुरुजींना वाटणे स्वाभाविक आहे. कायदा मात्र इतका सरधोपट नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे कलम ७४ सांगते की, करारभंगासाठी रक्कम ठरलेली असली तरी दुसऱ्या पक्षास मिळते ती वाजवी भरपाई, आणि ठरलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. फ्रीज परत गेल्यावर तो आठ-पंधरा दिवसांत दुसऱ्या भाडेकरूकडे लागत असेल, तर कंपनीचे खरे नुकसान म्हणजे वाहतुकीचा खर्च व मधल्या रिकाम्या दिवसांचे भाडे. त्यापलीकडची मागणी म्हणजे एकाच वस्तूचे एकाच काळासाठी दोघांकडून भाडे घेणे होय.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने याच विचाराला ‘अनुचित करार’ असे नाव दिले. अवाजवी अनामत, नुकसानीच्या प्रमाणाबाहेरचा दंड, एकाच पक्षाला सबळ कारणाविना करार मोडण्याची मुभा, ही त्याची लक्षणे होत. भाड्याने वस्तू पुरविणे ही सेवाच मानावयास हवी. २०२० च्या ई-व्यापार नियमांत आणखी एक उपयुक्त तरतूद आहे: कंपनीने आपण होऊन मागणी रद्द केल्यास तीही तेवढाच आकार सोसत नसेल, तर ग्राहकाकडून रद्द करण्याचा आकार तिला घेता येत नाही. संमतीच्या चौकोनात आधीच खूण करून ठेवण्यासही हे नियम मनाई करतात. आणि नोव्हेंबर २०२३ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी, वर्गणी सुरू करणे सोपे व बंद करणे दुष्कर करून ठेवण्याच्या युक्तीला फसव्या पद्धतींच्या यादीत घातले आहे.

येथे एक व्यावहारिक इशारा आवश्यक आहे. भाडे बहुधा बँक खात्यातून वा कार्डावरून आपोआप कापले जाते. अशा कपातीपूर्वी चोवीस तास आधी सूचना मिळते आणि ग्राहकास आपली संमती काढून घेता येते. परंतु कपात थांबविल्याने करार संपत नाही. थकबाकी वाढत राहते. म्हणून आधी लेखी सूचना, मग कपात बंद, हाच क्रम ठेवावा. सूचनेत तारीख, वस्तू नेण्यास कधी यावे ते दिवस आणि अनामत कोठे जमा करावी हे स्पष्ट लिहावे. वस्तूची छायाचित्रे त्याच दिवशी काढून ठेवावीत, कारण अनामत कापण्याचे दुसरे निमित्त असते ते ओरखड्यांचे. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत देणे व एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे.

‘वाद अमुक शहरातील न्यायालयातच चालेल’ किंवा ‘लवादाकडेच जावे लागेल’ या कलमांनी अनेकजण खचतात. या बाबतीत या भागाला जुना अनुभव आहे. तेव्हा सातारा जिल्ह्यात असलेल्या आणि आज सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या कुकरूड गावी सप्टेंबर १८७५ मध्ये लोकांनी सावकाराकडील खते नष्ट केली. न वाचता अंगठा उठविलेली ती खते होती. पुढे १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी जो कायदा झाला, त्याने न्यायालयास खतामागचा मूळ व्यवहार तपासण्यास लावले आणि शेतकऱ्यावरील दावा तो राहतो तेथील न्यायालयातच चालविण्याची तरतूद केली. २०१९ च्या अधिनियमाचे कलम ३४ ग्राहकास तेच देते: तो राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. करारातील लवादाचे कलम ग्राहक आयोगाच्या आड येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

यात एक उणीव राहिली आहे. करारच अनुचित ठरवून घ्यावयाचा तर तक्रार जिल्हा आयोगाऐवजी राज्य आयोगाकडे न्यावी लागते. साडेचार हजारांच्या वादासाठी हा वळसा कोण घेईल? जिल्हा आयोगास हा अधिकार देण्याचा विचार व्हावयास हवा. तोपर्यंत सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथा या आधारे, अडवून ठेवलेल्या अनामतीपुरती तक्रार जिल्हा आयोगापुढे मांडणे हाच सोयीचा मार्ग आहे. जतला रुजू झालेल्या त्या गुरुजींना ती सांगलीच्या आयोगाकडे दाखल करता येईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर मराठीतून तक्रार नोंदविता येते, आणि अनेकदा तेवढ्यानेच अनामत परत येते.