गळणारच, असं धरून काढलेला नकाशा

(गणपतीपुळ्यात लोकांसमोर केलेल्या भागाचा हा मजकूर. मागे लाटांचा आवाज आहे, तो काढलेला नाही. बोललेलं जवळपास तसंच ठेवलंय.)

समोर समुद्र असताना कायदेकानूंवर बोलणाऱ्या माणसाला ऐकायला आलात, म्हणजे तुमची कमालच आहे.

इथून जयगड विसेक किलोमीटर. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या बंदरात 'होएग जायंट' नावाचं एक जहाज येऊन लागलं होतं. पोटात १,७०,००० घनमीटर द्रवरूप नैसर्गिक वायू, म्हणजे एलएनजी, मावेल एवढं. काम काय? त्या द्रवाचा पुन्हा वायू करायचा आणि ५६ किलोमीटरच्या पाइपलाइनने दाभोळकडे पाठवायचा. अशा प्रकारचं भारतात आलेलं ते पहिलं जहाज. आता ते इथे नाही, पण मला ज्यावर बोलायचंय ती गोष्ट त्याच्या इंजिनखोलीत होती. ते जहाज वायू नुसता वाहत नव्हतं, तोच वायू इंजिनात जाळतही होतं.

वायू वाहणारी जहाजं हे १९६० च्या दशकापासून करतायत. टाकीतला थोडा वायू उकळून सुटतोच, मग तो वाया कशाला घालवा? पण साध्या मालवाहू जहाजाने किंवा फेरीबोटीने वायूवर चालायचं म्हटलं की गोष्ट बदलते. वायुवाहू जहाजावरची माणसं वायूचीच माणसं असतात. फेरीबोटीवर तुम्ही असता, मी असतो, वडापावची पिशवी घेतलेली काकू असते.

मी बीटेक, सॉफ्टवेअरवाला. जहाजं बांधत नाही. पण दुसऱ्याने लिहिलेला कोड लाइव्ह जायच्या आधी वाचून त्यात खोड काढणं हे माझं रोजचं काम. म्हणून मला प्रश्न पडला, की जहाजाचा रिव्ह्यू कोण करतं? आणि कशाच्या जोरावर?

समुद्रातले नियम बहुतेक वेळा बुडाल्यावर झालेत. १९१२ ला टायटॅनिक बुडाली, १९१४ ला सोलास नावाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्याकडे रामदास बोट. १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला निघाली आणि सहाशेवर माणसं गेली. कोकणात अजून जुनी माणसं तारवात पाय ठेवताना तिचं नाव काढतात. वायूवर चालणाऱ्या जहाजांचं वेगळेपण असं, की इथे मोठ्या अपघाताची वाट न बघता नियम लिहिले गेले. २००० साली नॉर्वेत 'ग्लुत्रा' नावाची फेरी एलएनजीवर सुरू झाली. २००९ ला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने तात्पुरती मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०१५ ला आयजीएफ कोड मंजूर झाला आणि १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला.

हा कोड लागलाच का? कारण सोलासचा जुना नियम असा, की ज्या तेलाची वाफ ६० अंशांच्या खालीच पेट घेऊ शकते ते जहाजाचं इंधन म्हणून चालणार नाही. नैसर्गिक वायू या कसोटीत कुठेच बसत नाही. म्हणजे आधी दार बंदच होतं. ते उघडायचं तर कशा रीतीने, एवढंच या कोडमध्ये लिहिलंय.

आता जरा वासाबद्दल. डिसेंबर २०२४ मध्ये जयगडजवळच्या शाळेतल्या मुलांना वायूचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावं लागलं, हे इथल्या लोकांना सांगायला नको. तेव्हा बातम्यांत एक शब्द आला होता, मरकॅप्टन. घरच्या सिलिंडरला जो घाण वास येतो तो याच जातीच्या रसायनाचा. मुद्दाम घालतात, गळती कळावी म्हणून. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नाही, आणि एलएनजीत तो घातलेला नसतो. तो घालतात तो पुन्हा वायू झाल्यावर, शहराकडे पाठवताना. म्हणजे जहाजावर तुमचं नाक निकामी. सगळी भिस्त यंत्रावर.

म्हणून या कोडचा सूर असा आहे: वायू गळणारच असं धरा, आणि गळल्यावर तो कुठे जाईल ते नकाशावर दाखवा. 'आम्ही चांगल्या दर्जाचा पाइप वापरू' हे उत्तर चालत नाही.

समजा, जयगड-तवसाळसारख्या मार्गासाठी एक फेरीबोट काढायचीय. उदाहरणापुरती १५ मीटर रुंद धरू. एलएनजी असतो उणे १६२ अंशांवर. द्रव केल्यामुळे आकारमान साधारण सहाशे पटीने आक्रसलेलं. टाकी बोटीच्या बाजूपासून किती आत? रुंदीचा पाचवा भाग किंवा ११.५ मीटर, यातलं जे कमी ते. म्हणजे आपल्या बोटीत ३ मीटर. कारण उघड आहे. दुसरी बोट येऊन कुशीत घुसली तरी टाकीपर्यंत पोचू नये.

जिथे द्रव सांडू शकतो तिथे खाली स्टेनलेस स्टीलचं तबक. जहाजाचं साधं पोलाद एवढ्या थंडीत काचेसारखं ठिसूळ होतं. आग लागायची गरजच नाही, नुसत्या थंडीने डेक तडकू शकतो. हे मला आधी माहीतच नव्हतं. आपण वायू म्हटलं की फक्त स्फोट बघतो.

बंद जागेतून इंजिनाकडे जाणारा पाइप दुहेरी. आतून वायू, आणि दोन भिंतींमधली हवा तासाला निदान ३० वेळा बदलली गेली पाहिजे. तिथे वायू सापडला तर तो खोलीत यायच्या आधीच कळतो. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असेल तरच पेटतं. साधारण नियम असा, की त्या ५ टक्क्यांचा पाचवा भाग, म्हणजे हवेत १ टक्का वायू दिसला की भोंगा. दोन डिटेक्टरांनी २ टक्के दाखवले की झडप आपोआप बंद. दोन का? एक डिटेक्टर बिघडून खोटं बोलला तर भर खाडीत इंजिन बंद पडेल. तोही अपघातच की.

टाकीचा दाब वाढला तर वायू वर सोडायचं नळकांडं डेकपासून रुंदीच्या तिसऱ्या भागाएवढं किंवा ६ मीटर उंच, यातलं जे जास्त. आपल्या बोटीत ६ मीटर. आणि हवा आत घेणाऱ्या तोंडापासून निदान १० मीटर दूर. आता छोट्या फेरीबोटीवर हे १० मीटर शोधून दाखवा! इथेच डिझाइनवाल्याचा घाम निघतो. गाड्या कुठे, माणसं कुठे, केबिन कुठे, सगळं पुन्हा मांडावं लागतं. शिवाय ताजा सुटलेला वायू थंड असतो, हवेपेक्षा जड. तो आधी पाण्यावर ढगासारखा पसरतो, गरम झाल्यावर वर जातो. खाडीत वारा पडलेला असला तर तो ढग कुठे रेंगाळेल, हे बघावंच लागतं.

हे तपासतं कोण? वर्गीकरण संस्था. आपली भारतीय नौवहन निबंधक संस्था १९७५ पासून आहे, मुख्यालय पवईत. आयआयटीच्या पोरांना रोज दिसते, आत काय चालतं ते विचारलंय कोणी? सरकारच्या बाजूने नौवहन महासंचालनालय, तेही मुंबईतच.

पद्धत बरीचशी आमच्या कोड रिव्ह्यूसारखी. आधी तत्त्वतः मान्यता. आपल्याकडे हा शब्द ऐकला की हसू येतं, कारण तत्त्वतः मान्यतेची बातमी छापून येते आणि पूल दहा वर्षं येत नाही. इथेही तिचा अर्थ तेवढाच: कल्पनेत मुळातच अडणारं काही दिसत नाही. कंपन्या मात्र त्या कागदावर पेढे वाटतात. खरं काम पुढे. टाकी, पाइप, झडपा, वायुवीजन, वायरिंग, प्रत्येकाचा नकाशा जातो, शेरे मारून परत येतो, पुन्हा जातो. वेगवेगळ्या कामाची माणसं एका टेबलाशी बसून 'ही झडप उघडी राहिली तर काय' असं एकेक विचारत जातात. मग कारखान्यात चाचणी, यार्डात सर्व्हेअर, शेवटी वायूवर प्रत्यक्ष चालवून बघणं. आमच्यात बग सापडला तर रात्री पॅच टाकतो. वेल्ड केलेली टाकी अर्धा मीटर आत सरकवायला पॅच नसतो.

नियमात न बसणारं काही करायचं असेल तरी वाट आहे. तुमची रचना नियमाइतकीच सुरक्षित आहे हे हिशेबाने सिद्ध करा. कोडमधले तपशीलवार नियम फक्त नैसर्गिक वायूचे आहेत. मेथनॉल, हायड्रोजन, अमोनिया यांची जहाजं याच वाटेने पुढे आली.

पण एक अडचण. आयजीएफ कोड मुळात देशादेशांत फिरणाऱ्या सोलासच्या जहाजांसाठी. खाडीतल्या फेरीला तो आपोआप लागत नाही. तिथे अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१. त्यात वेगळ्या इंधनाच्या जहाजांना विशेष श्रेणीत घालायची सोय आहे. वाराणसीत गेलच्या मदतीने नावांना सीएनजी बसवली, तीही वायूवरची जलवाहतूकच. पण उघडी नाव आणि दाबाखालचा वायू ही एक गोष्ट. गाड्यांचा डेक, खाली बंद इंजिनखोली आणि उणे १६२ अंश ही दुसरी. उद्या कोणी खाडीत 'गॅसवरची हरित फेरी' जाहीर केली, तर मी तिकिटाचा दर नाही विचारणार. कुठल्या नियमाने तपासली, नकाशावर शिक्का कोणाचा, आणि खलाशांचं प्रशिक्षण झालं का, हे विचारेन. मोठ्या जहाजांवर ते २०१७ पासून सक्तीचं आहे.

हरित शब्दावर एवढंच, की न जळता निसटलेलं मिथेन २० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटीहून जास्त तापवतं. सुरक्षेचा शिक्का त्याबद्दल काहीच सांगत नाही. तो वेगळा भाग होईल.

शेवटी मागच्या रांगेतून एका मुलीने विचारलं, अशा बोटीवर रील काढता येईल का? येईल, प्रवाशांच्या जागेत. वायू भरायच्या जोडणीजवळ आणि त्या नळकांड्याभोवती धोक्याचे पट्टे आखलेले असतात. तिथे ठिणगी पडणार नाही अशी खास प्रमाणित उपकरणंच चालतात. तुमचा चाळीस हजारांचा फोन त्यात बसत नाही. माझाही नाही.