पाऊल कुठे होतं आणि केव्हा होतं

फास्टपिच सॉफ्टबॉलमधला एक निर्णय असा आहे की तो दिला तरी मैदान ओरडतं आणि नाही दिला तरी ओरडतं. डावखुरी बॅटर पळता पळताच चेंडूला बॅट लावते, चेंडू शॉर्टस्टॉपकडे घरंगळत जातो, ती पहिल्या बेसवर पोचते आणि क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचे प्रशिक्षक बॅटर्स बॉक्सकडे बोट दाखवत पंचाकडे येतात. पाऊल बाहेर होतं, बॅटर बाद द्या, ही त्यांची मागणी. माझं आजचं प्रतिपादन असं, की या नियमाची शब्दरचना जाणूनबुजून उदार ठेवलेली आहे, आणि म्हणून पंचाने डोळ्यांनी पाहिलेलंच बाद द्यावं, अंदाजाने कधीही देऊ नये. मात्र जे स्पष्ट दिसलं ते सामना कुठल्याही टप्प्यावर असला तरी दिलंच पाहिजे.

आधी नियम पाहू. बॅटर्स बॉक्स 3 फूट रुंद आणि 7 फूट लांब. होम प्लेटपासून तो 6 इंचांवर सुरू होतो आणि प्लेटच्या मध्यरेषेपासून पिचरच्या दिशेने 4 फूट पुढे जातो. आखलेल्या रेषा बॉक्सचाच भाग असतात. चेंडू टाकला जाण्यापूर्वी बॅटरची दोन्ही पावलं रेषांच्या आत हवीत. रेषेवर असली तरी चालतं, पण पावलाचा कुठलाही भाग रेषेबाहेर नको. चेंडूला बॅट लागते त्या क्षणी मात्र कसोटी बदलते. त्या क्षणी एक अख्खं पाऊल बॉक्सच्या पूर्णपणे बाहेर आणि जमिनीला टेकलेलं असेल, तरच बॅटर बाद. टाच रेषेवर आणि बाकी पाऊल बाहेर, तर बाद नाही. पाऊल बाहेर पण हवेत, तरी बाद नाही. बॅट चेंडूला लागलीच नाही, तर फक्त स्ट्राइक. होम प्लेटच्या बाबतीत नियम कडक आहे. तिथे चेंडूला बॅट लागताना पावलाचा कुठलाही भाग टेकलेला असेल तर बॅटर बाद. बाद दिल्यावर चेंडू त्याच क्षणी डेड होतो, मग फटका फेअर असो की फाउल, आणि धावपटू आपापल्या बेसवर परततात. क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना हे पटकन पचत नाही. क्रिकेटमध्ये यष्टिचीत ठरवताना रेषेवरचा पाय बाहेरचा धरतात. इथे रेषेवरचा पाय आतला.

काहींना वाटतं, एवढ्या किरकोळ गोष्टीसाठी फलंदाजी करणाऱ्याला बाद का करावं? पाऊल अर्धी वीत पुढे पडलं म्हणून काय बिघडलं? बिघडतं, आणि ते मोजता येतं. होमपासून पहिला बेस 60 फूट, म्हणजे 18.29 मीटर. सेकंदाला 7 मीटर धावणारी मुलगी एक फूट अंतर सुमारे 0.04 सेकंदात कापते. पहिल्या बेसवरचे कितीतरी निर्णय यापेक्षा कमी फरकाने लागतात. शिवाय पुढे सरकलेल्या बॅटरला चेंडू खाली किंवा बाजूला वळायच्या आत गाठता येतो. डावखुऱ्या बॅटरचा बॉक्स मुळातच पहिल्या बेसच्या बाजूला असतो, त्यामुळे स्लॅप, म्हणजे पळता पळताच मारलेला फटका, ही त्या बाजूची स्वाभाविक कला आहे. अमेरिकेच्या नताशा वॉटलीने, जी 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या संघात होती, ही कला कोणत्या उंचीला नेता येते ते दाखवलं. नियम ही कला रोखत नाही, फक्त तिला हद्द घालतो. म्हणून हा नियम क्षुल्लक म्हणून सोडून देणं मला मान्य नाही.

अडचण वेगळीच आहे, ती नजरेची. महिलांच्या खेळात पिचरची प्लेट होमपासून 43 फुटांवर असते. ताशी 105 किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू हातातून सुटून प्लेटवर यायला 0.4 सेकंदसुद्धा घेत नाही. तेवढ्या वेळात प्लेटमागच्या पंचाने पाहायचं असतं, की चेंडू बॅटरच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंतच्या पट्ट्यातून आणि प्लेटच्या 17 इंच रुंदीवरून जातो की नाही. त्याची नजर चेंडूवर हवी. पाऊल खाली, चार फूट पुढे, आणि मध्ये बसलेली कॅचर. एकाच क्षणी दोन ठिकाणी नजर रोखता येत नाही, याचा पुरावा क्रिकेटनेच दिला आहे. गोलंदाजाचं पुढचं पाऊल आणि लगेच समोरचा फलंदाज, हे दोन्ही पाहताना मैदानावरच्या पंचांकडून नो-बॉल निसटत राहिले, तेव्हा आयसीसीने 2020 च्या महिला टी-ट्वेंटी विश्वचषकात ते काम तिसऱ्या पंचाकडे सोपवलं. ही पंचांच्या निष्काळजीपणाची कबुली नव्हती, माणसाच्या डोळ्याची मर्यादा मान्य करणं होतं.

प्रशिक्षकांकडे यावर एक उत्तर तयार असतं: मातीतला ठसा पाहा. स्पाइक्सचा ठसा रेषेच्या चांगला बाहेर उमटलेला असतो आणि तो कुणी नाकारत नाही. पण ठसा फक्त जागा सांगतो, वेळ सांगत नाही. स्लॅप मारणारी मुलगी थांबत नाही. बॅट चेंडूला लागताना तिचं पाऊल हवेत असू शकतं आणि पुढच्याच क्षणी ते बाहेर टेकतं. ते पाऊल पूर्ण नियमात आहे. मागे राहिलेला ठसा मात्र दोन्ही प्रसंगी एकसारखाच असतो. ठशावरून बाद देणारा पंच नियमातला अर्धाच प्रश्न विचारत असतो, आणि अर्ध्या पुराव्यावर दिलेला निर्णय अन्यायच असतो.

यावर जाणकारांचा खरा आक्षेप असा: संशयाचा फायदा बॅटरलाच द्यायचा ठरवला, तर चलाख मुली दर वेळी अर्धं पाऊल चोरतील. आक्षेप वजनदार आहे आणि त्याला नियमातच उत्तर आहे. चेंडू टाकला जाण्यापूर्वी पावलं पूर्ण आत हवीत ही अट पंचाला शांतपणे, चेंडू हवेत नसताना तपासता येते. पुढच्या रेषेपलीकडे चवडा काढून उभी राहणारी बॅटर तिथेच मागे घ्यायला हवी. चोरी रोखायची ती इथे. इथे ढिलाई करायची आणि मग धावत्या क्षणी कडक व्हायचं, हे उलटं शास्त्र झालं. दुसरं असं, की पहिल्या बेसकडे उभ्या असलेल्या पंचाला डावखुऱ्या बॅटरचा बॉक्स बाजूने दिसतो. प्लेटच्या पंचाने त्याला विचारण्यात कमीपणा नाही. मात्र त्यानेही पावलाबरोबर बॅट लागलेली पाहिली असेल तरच उत्तर द्यावं.

पंचावर एवढा भार का टाकायचा, हे समजायला 1996 चं ऑलिंपिक आठवावं. अमेरिका विरुद्ध ऑस्ट्रेलिया सामन्यात डॅनी टायलरने होमरन मारला, पण जल्लोषात परतताना तिचं पाऊल होम प्लेटला लागलंच नाही. ऑस्ट्रेलियाने अपील केलं, ती बाद ठरली, धाव गेली, आणि अमेरिका तो सामना 10 व्या डावात 2-1 असा हरली. त्या स्पर्धेतला अमेरिकेचा तो एकमेव पराभव. बेस चुकल्याच्या बाबतीत पंच अपील होईपर्यंत गप्प राहतो, म्हणजे चूक ओळखण्याची जबाबदारी विरोधी संघाची. बॅटर्स बॉक्समध्ये तसं नाही. इथे कुणी अपील करो वा न करो, निर्णय पंचाने स्वतःहून आणि तत्क्षणी द्यायचा असतो. त्यामुळे पाहण्याची जबाबदारीही पूर्णपणे त्याचीच.

निषेध नोंदवण्याच्या तरतुदीतूनही हेच निघतं. पंच म्हणाला, “चवडा रेषेवर होता म्हणून बाद,” तर तो नियमाचा चुकीचा अर्थ झाला आणि संघ निषेध नोंदवू शकतो. तोच पंच म्हणाला, “पूर्ण पाऊल बाहेर टेकलेलं मी पाहिलं,” तर तो त्याच्या नजरेचा निर्णय आणि त्यावर निषेध चालत नाही. एका वाक्याच्या आधाराने ज्याचा निर्णय अखेरचा ठरतो, त्याने न पाहिलेलं पाहिलं म्हणणं हा खेळाशी द्रोह आहे.

कॅमेरे लावा, असं कुणी म्हणेल. मोठ्या स्पर्धांत जरूर लावावेत. पण आपल्या शालेय आणि जिल्हा स्पर्धांतली मुलं-मुली ज्या मैदानांवर खेळतात तिथे कॅमेरा नसतो; पहिल्या दोन डावांत स्पाइक्सनी बॉक्सची फक्कीसुद्धा उडून जाते आणि पंच मातीत अंदाजाने रेषा कल्पितो. रेषाच नसेल तर पंचाला काय दिसणार? म्हणून आयोजकांना आणि क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे: 3 बाय 7 फुटांची एक लाकडी चौकट करून ठेवा, प्रत्येक सामन्याआधी तिच्या मापाने फक्की मारा, आणि मध्येच रेषा पुसली गेली तर पंचाने मागताच दोन मिनिटं खेळ थांबवून ती पुन्हा आखून द्या.