भोगीची भाजी



मला भाषणाची सवय नाही. स्वयंपाकाविषयी चार शब्द बोला म्हणालात, म्हणून उभी राहिले.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी आपल्या ओझरात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि भोगीची भाजी करतात. वांगी, गाजर, पावटा, घेवडा, ओला हरभरा, बोरे, शिवारात असेल ते तिच्यात पडते. वर तिळाचे नि शेंगदाण्याचे कूट. कोणी तिला लेकुरवाळी भाजी म्हणतात, कारण तिच्या पोटात सगळ्यांना जागा. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असे म्हणतात, ते उगीच नव्हे. थंडीत तीळ, बाजरी अंगाला ऊब देतात. २०२३ हे साल जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. आपल्या चुलीवर बाजरी पिढ्यान्‌पिढ्या आहे.

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या हातची ही भाजी आळीत नावाजलेली. पहाटे उठून त्या हरभरा सोलतात. देवाला नैवेद्य त्यांच्याच हातचा. पण भोगीला सवाष्ण जेवू घालायची रीत, आणि जाऊबाई विधवा. म्हणून पाट दुसरीला. संक्रांतीला आलेल्या बायका ओटीवर भाजीची तारीफ करीत आणि जाऊबाई दाराआडून ऐकत. कैक वर्षे हे मी पाहिले नि गप्प बसले. ती चूक माझी.

गेल्या भोगीला सवाष्णीशेजारी त्यांचाही पाट मांडला. म्हणाल्या, “अगं, लोक काय म्हणतील?” मी म्हटले, “भाजी तुमच्या हातची चालते, मग पाट का चालू नये?” त्या जेवल्या. पण दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला काही बाहेर आल्या नाहीत. एका घराच्या बोलावण्याने तेवढा धीर येत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने २०२२ साली विधवांचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची चाल बंद करण्याचा ठराव केला. आपण निदान एवढे करू. यंदा मंडळाच्या हळदीकुंकवाचे बोलावणे प्रत्येक दारी जावे. कुंकू हवे तिला लावावे, नको तिच्यावर जुलूम नको. पण तिळगूळ नि वाण सगळ्यांना सारखे. विघ्नहराच्या दारात कोणी कपाळ पाहून आत सोडीत नाही. आपल्या दारातही तसेच असावे.

एवढे बोलून मी बसते.