बकाला, लाबुतिक आणि आजीच्या रेघा



जहाजांवर, आप्रवासी घाटावर, आपल्या पूर्वजांच्या नोंदींवर बोलणारे माझ्याहून जाणकार लोक इथे बसले आहेत. मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवणारी बाई. मी आज दुकानाबद्दल बोलणार आहे.

गेल्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने संयुक्त अरब अमिरातीत, शारजाच्या अल मजाज भागात राहिले. खालिद लगूनच्या काठचा हा भाग. पाण्याकाठी कारंजे, बाग, नूर मशीद आणि मागे उंच इमारतींच्या रांगा. आमच्या इमारतीच्या पायथ्याशी एक लहान दुकान होते. तिथे अशा दुकानाला ‘बकाला’ म्हणतात. शब्द ऐकून मला नवल वाटले, कारण जुन्या मराठीत ‘वाणी-बकाल’ असा जोडशब्द आहे. अरबीत बकल म्हणजे भाजीपाला, आणि बक्काल म्हणजे तो विकणारा. मराठीत आला तेव्हाही त्या शब्दाचा अर्थ दुकानदारच होता. आज मात्र ‘बकाल’ म्हटले की घाणेरडी वस्ती डोळ्यांसमोर येते. बिचाऱ्या दुकानदाराचे काय चुकले कोण जाणे!

दुकान आमच्या वर्गखोलीच्या निम्मेही नव्हते. दाराबाहेर पाण्याच्या मोठ्या बाटल्यांची चळत आणि एक सायकल. आत शिरताच उजवीकडे ताक-दुधाचे शीतकपाट, त्याच्यावर खुब्जची पाकिटे. मुलांच्या चिप्स अगदी त्यांच्या हाताला लागतील अशा खालच्या फळीवर. हे मुद्दाम केलेले असते, हे शिक्षिकेला सांगावे लागत नाही. तांदळाच्या फळीवरून इमारतीत कोण राहते ते कळायचे: केरळच्या लोकांसाठी तांबडा मट्टा, पाकिस्तानी शेजाऱ्यांसाठी बासमती, फिलिपिनो मुलींसाठी नूडल्स. आपले पोहे सगळ्यांत वर, दुधाच्या डब्यांमागे. मागितले की मुलगा स्टुलावर चढायचा. बाकी सगळे आपण हाताने घ्यायचे, परत ठेवायचे, दुसरे घ्यायचे.

हे पाहताना मला सारखी आमच्या गावची लाबुतिक आठवे. पन्नाशीच्या पुढच्या सर्वांना ती आठवत असेल. लांब लाकडी काउंटर, त्याच्या मागे छतापर्यंत फळ्या, तांदूळ-डाळीची पोती, टांगलेला खारा मासा, तराजू आणि मण्यांच्या पाटीवर हिशेब करणारा चिनी दुकानदार. आपण काउंटरच्या अलीकडे, माल पलीकडे. बोट दाखवायचे आणि थांबायचे.

तरीही आमच्या आजीला लाबुतिक म्हणजे मोठी गोष्ट वाटे. तिने तिच्या सासूकडून ऐकले होते, गिरमिटात महिना ५ रुपये पगार आणि मळ्याच्या कोठारातून तांदूळ, डाळ, मीठ. जे मापून देतील ते घ्यायचे. एका दिवसाचा खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचे. दुकानात निदान “ही डाळ नको, ती द्या” असे म्हणता येई.

पैसे मात्र हातात नसत. ऊसतोडणीचा हंगाम संपला की कामे कमी होत आणि घर कार्नेवर चाले. कार्ने म्हणजे उधारीची छोटी वही. एक नोंद दुकानदाराच्या मोठ्या वहीत चिनी अक्षरांत, दुसरी आमच्या कार्नेत फ्रेंच शब्दांत आणि आकड्यांत. मराठी कुठेच नाही. आजीला अक्षर येत नव्हते. ती दाराच्या मागे कोळशाने रेघा ओढी: तांदळाला उभी, तेलाला आडवी.

१९७५ च्या फेब्रुवारीत गेर्वेझ चक्रीवादळ आले तेव्हा मी पाच वर्षांची होते. आमच्या स्वयंपाकघराचे पत्रे उडाले. त्याच आठवड्यात दुकानदाराने अर्धे दार उघडून कार्नेवर तांदूळ दिला, पैसे कधी देणार हे विचारले नाही. हे मी विसरणार नाही.

पण चार वर्षांनी कार्नेतला आकडा आजीच्या रेघांपेक्षा बराच पुढे गेला. तिला वाटले, दुकानदार फसवतो. मला शाळेत फ्रेंच येऊ लागले होते. तिने वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “वाच गो.” मी वाचले: तांदूळ, तेल, साबण, रम. पुन्हा साबण, पुन्हा रम. लाबुतिकला बाजूने एक दार असे, ते तुम्हाला माहीत आहे. आजोबा खाटेवर बसून ऐकत होते. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून कार्ने तिच्या कमरेला असे आणि दर शनिवारी मी ती वाचून दाखवी.

शारजात दारू विकायला बंदी आहे, त्यामुळे त्या बकाल्याला बाजूचे दार नव्हते. वही मात्र होती! काउंटरखाली, कोपरे दुमडलेली, पानापानावर फ्लॅटचे क्रमांक. नावे नाहीत. पगार लांबला की लोक तीवर घर चालवत. माझी मुलगी म्हणे, “आई, मोठ्या बाजारात सगळे स्वस्त मिळते.” खरे आहे. पण तिथे जायला गाडी लागते, आणि रात्री दहाला बाळाचे डायपर वर आणून द्यायला सायकलवाला मुलगाच येतो. तोही करारावरच आलेला. मात्र त्याच्या खिशात फोन होता आणि रोज रात्री तो घरी बोलत असे. आपल्या लोकांचे पत्रही जाईना. म्हणून या दोघांची तुलना मी जपून करते.

शेजारच्या अबुधाबीत २०१३ पासून या छोट्या दुकानांना नवे नियम लागले: दिवे, शीतकपाटे, फळ्यांची मांडणी, सारख्या पाट्या. ज्यांना झेपले नाही ती बंद झाली. स्वच्छता हवीच, त्याला माझी ना नाही. पण नवी मांडणी करताना वहीला जागा कुठे ठेवली, हे मला विचारावेसे वाटते.

निघायच्या आदल्या दिवशी मी खाली गेले आणि आमच्या फ्लॅटचे पान मागितले. मुलगा म्हणाला, “आंटी, दीदी देगी ना.” मी म्हटले, “आधी वाचून दाखव.” त्याने एकेक ओळ वाचली, मी बोटावर मोजली. १४२ दिरहॅम झाले. हिशेब बरोबर होता. मी पैसे दिले. त्याने पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ मारली आणि पोहे काढायला स्टुलावर चढला.