स्मारक नाणे, देणगीदार आणि आपला वसतिगृह निधी
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीपुढे सध्या एक सूचना आहे. मुलींच्या वसतिगृहाच्या निधीसाठी संस्थेने चांदीचे स्मारक नाणे काढावे, मोठ्या देणगीदारांना ते सन्मानाने द्यावे आणि उरलेली नाणी नफा ठेवून विकावीत. सूचना करणाऱ्यांची तळमळ मला ठाऊक आहे. सेक्रेटरीसाहेबांनी मला सांगितले, "सर, तुम्ही इतिहास शिकवलात, जुन्या नाण्यांचा तुम्हाला नाद आहे, तुम्हीच या विषयावर बोला." म्हणून मी उभा आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. नाणे जरूर काढावे, पण ते चांदीचे नको, विकण्यासाठी नको आणि खरे म्हणजे त्याला नाणे हे नावही नको. का, ते सांगतो.

नाण्यांचा इतिहास बीडकरांना दुरून आणावा लागत नाही. मुहम्मद तुघलक दक्षिणेच्या स्वारीवरून परतताना बीडच्या मुक्कामी त्याचा दात पडला, तो त्याने समारंभपूर्वक पुरला आणि त्यावर इमारत बांधली, असे फरिश्त्याने लिहून ठेवले आहे. ती वास्तू बीडजवळच्या डोंगरावर आजही दाखवतात. याच सुलतानाने १३३० च्या सुमारास पितळेची व तांब्याची नाणी काढून ती चांदीच्या टंक्याच्या भावाने चालवण्याचा हुकूम काढला होता. कल्पना चुकीची नव्हती. आज आपल्या खिशातल्या नाण्यात तरी कुठे तेवढ्या किमतीचा धातू असतो? पण नाणे सरकारचे की घरी पाडलेले, हे ओळखण्याची सोय त्याने ठेवली नाही. घरोघर टांकसाळी निघाल्या असे बरनी सांगतो. शेवटी सुलतानाला खजिन्यातून चांदी देऊन ती नाणी परत घ्यावी लागली आणि तुघलकाबादेत तांब्यापितळेचे ढीग पडून राहिले. नाणे चालते ते काढणाऱ्याच्या पतीवर. राज्याला जे लागू, ते आपल्या एवढ्याशा संस्थेलाही लागू.

आता याची दुसरी बाजू. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथे हाली सिक्का चाले. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशेब आपल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ होता. १९५९ साली हाली सिक्का व्यवहारातून कायमचा बंद झाला. पण कोणत्याही जुन्या घरातली लाकडी पेटी उघडून बघा, तळाशी चारमिनारचे एखादे नाणे सापडेलच. चांदीचे रुपये अडीअडचणीला सराफाकडे गेले, तांब्याचे मात्र राहिले, कारण ते विकून काही येणार नव्हते. माझ्या म्हणण्याचा निम्मा भाग याच गोष्टीत आहे.

निधी आणि नाणे यांचा संबंध आपल्या महाराष्ट्रात फार जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड सुरू केला. प्रत्येकाने एक पैसा द्यावा, एवढीच मागणी. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. रयत शिक्षण संस्थेच्या सुरुवातीच्या काळात बायकांनी जात्याजवळ बाजूला काढलेले मूठमूठ धान्य कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांत पोचत असे. त्या वसतिगृहांत सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला जेवत. या दोन्ही ठिकाणी देणाऱ्याला बदल्यात काही मिळाले नाही. मागणी मात्र इतकी लहान होती की कोणालाही नाही म्हणता आले नाही.

सरकारी स्मारक नाण्यांची गोष्ट निराळी. स्वतंत्र भारतात पहिले निघाले ते १९६४ साली पंडित नेहरूंचे. १९७० साली 'सर्वांसाठी अन्न' या विषयावरची नाणी आली. त्यांमागे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेची नाणे योजना होती. १९९० मध्ये बाबासाहेबांचा रुपया निघाला, १९९९ मध्ये शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे आणि ज्ञानेश्वर माउलींचा रुपया. मौलाना आझादांच्या १२५ व्या जयंतीचेही नाणे निघाले आहे. अलीकडे संग्राहकांसाठी शंभर रुपयांची नाणी काढतात. त्यांतल्या अनेक नाण्यांचे वजन ३५ ग्रॅम, त्यात निम्मी चांदी. २०२३ साली हैदराबादच्या टांकसाळीने एन. टी. रामाराव यांचे असे नाणे काढले, तेव्हा किंमत चार हजारांच्या आसपास असूनही लोकांनी रांगा लावल्या. हे उदाहरण आपल्या काही मित्रांच्या मनात आहे, मला कल्पना आहे. पण ते नाणे सरकारचे होते आणि चेहरा एन. टी. आर. यांचा होता. आपल्या शाळेसाठी तशी रांग लागणार नाही.

नाणे विकून निधी जमवण्याचा प्रकार सर्वांत जास्त केला तो अमेरिकेने. तिथे सरकारच नाणे काढते, किमतीवर अधिभार लावते आणि तो अधिभार एखाद्या संस्थेला देते. १९८६ साली स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या शताब्दीनिमित्त काढलेल्या नाण्यांतून सुमारे ८ कोटी ३० लाख डॉलर जमले आणि ते पुतळा व एलिस बेट यांच्या दुरुस्तीला लागले. ही यशाची बाजू झाली. मला आपल्या जास्त जवळचे वाटते ते दुसरे उदाहरण. बुकर टी. वॉशिंग्टन हे गुलामीत जन्मलेले आणि पुढे टस्कीगी येथे काळ्या मुलांसाठी शिक्षणसंस्था उभी करणारे शिक्षक. त्यांच्या जन्मस्थळाचे स्मारक व्हावे आणि त्यांच्या समाजाच्या शिक्षणाला मदत व्हावी म्हणून १९४६ साली अर्ध्या डॉलरचे नाणे निघाले. चित्र घडवले आयझॅक हॅथवे या काळ्या शिल्पकाराने. अमेरिकन नाण्यावर अशा कलावंताचे काम येण्याची ती पहिलीच वेळ. हेतू उत्तम, कलाकृती उत्तम, परवानगी पन्नास लाख नाण्यांची! पण आधी नाणी पाडली आणि मग गिऱ्हाईक शोधत बसले. १९५१ पर्यंत दरवर्षी तीन तीन टांकसाळींतून नवे संच काढले, त्याने संग्राहक कंटाळले. ज्यांच्यासाठी हे चालले होते त्या गरीब समाजाला नाणे विकत घेणे परवडत नव्हते. अखेर त्यांतली पुष्कळ नाणी वितळवावी लागली.

आपल्या सूचनेत याच दोन गोष्टी आहेत, आधी पाडायचे आणि नफ्याने विकायचे. चांदीचा भाव आपल्या हातात नसतो. २०२५ या एका वर्षात तो दुपटीच्या पुढे गेला. आज भाव चढा असताना घेतलेली चांदी उद्या उतरली तर तोटा निधीचा. शिवाय ठसा कोरण्याचा खर्च एकदाच होतो, पण तो पहिल्या नगापूर्वीच भरावा लागतो. पन्नास नग काढले तर तो पन्नासांवर पडतो, पाचशे काढले तर पाचशेंवर. म्हणून कारागीर नेहमी म्हणतो, "साहेब, जास्त काढा, स्वस्त पडेल." नग स्वस्त पडतात हे खरे, पण कपाटात पडून राहिलेला स्वस्त नगही महागच. आधी नावे नोंदवून घ्यावीत आणि जेवढी नावे तेवढेच नग काढावेत.

कायद्याकडेही थोडे पाहू. नाणे पाडण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारचा आहे. पैशासारखे चालवण्याच्या हेतूने धातूचे तुकडे काढण्यास १८८९ सालापासून बंदी आहे आणि २०११ च्या नाणेविषयक कायद्यातही ती आहे. आपण काढू ते पदक. त्यावर रुपयाचे चिन्ह नको, किमतीचा आकडा नको, अशोकस्तंभाची राजमुद्रा तर मुळीच नको, कारण तिच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. आणखी एक. विकलेल्या वस्तूची रक्कम देणगी म्हणून पावतीवर दाखवता येत नाही आणि दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही. हे दोन मुद्दे आपल्या चार्टर्ड अकाउंटंटकडून लेखी घ्यावेत, तोंडी नको.

पदकावर काय असावे? कोणाचाही चेहरा नको, माझा नको आणि अध्यक्षसाहेबांचाही नको, ते हसत आहेत म्हणजे त्यांची संमती आहे. पवित्र आयत किंवा अल्लाहचे नावही घालू नये. पूर्वीच्या सुलतानांनी नाण्यांवर कलिमा घातला, हे खरे. पण पदक खिशात जाते, जमिनीवर पडते, लहान मुलाच्या हाती लागते. बेअदबीचा प्रसंग आपण कशाला ओढवून घ्यावा? एका बाजूस शाळेची कमान, दुसऱ्या बाजूस संस्थेचे नाव आणि वर्ष, मराठी व उर्दू दोन्ही लिप्यांत. खाली देणाऱ्याचे नाव कोरण्यापुरती मोकळी जागा. धातू पितळ. काळवंडले तर चिंचेने घासून पुन्हा लखलखीत होईल, ही कला आपल्या घरांत शिकवावी लागत नाही.

आता खरा प्रश्न, ते द्यायचे कोणाला? उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. तरीही सर सय्यद यांनी अलिगढला कॉलेज उभारताना देणगीदारांची नावे दगडात कोरून भिंतींत बसवली, आणि त्यांत हिंदू देणगीदारांचीही नावे आहेत. दान गुप्त ठेवावे की दाखवावे, यावर मी निर्णय देणार नाही, ते आलिम मंडळींचे काम. ज्याला नाव नको असेल त्याचे पदक नावाविना द्यावे, एवढी सोय ठेवली म्हणजे झाले. मात्र जकातीचा एक पैसाही या पदकांच्या खर्चात जाता कामा नये. ती रक्कम वेगळी, तिचे हक्कदार वेगळे. पदकांचा खर्च कार्यकारिणीच्या सभासदांनी आपसांत वर्गणी काढून करावा. माझी वर्गणी मी आज सकाळीच कार्यालयात भरली आहे.

मोठ्या देणगीदाराचे नाव आपण स्मरणिकेत छापतो, व्यासपीठावर हार घालतो. ते योग्यच आहे. पण आपल्या पावतीपुस्तकांत अशी नावे आहेत जी दर महिन्याला येतात आणि कोठेही छापली जात नाहीत. मोंढ्यात हमाली करणारे आहेत, शिलाईकाम करणाऱ्या भगिनी आहेत, निवृत्त शिपाई आहेत. पन्नास रुपये, शंभर रुपये, आणि खंड नाही. दुष्काळाच्या वर्षीही खंड नाही! निधीचा भरवसा या माणसांवर आहे. मोठी देणगी इमारत बांधते, पण जून ते एप्रिल स्वयंपाकघर चालवतात ते हे लोक. सलग पाच वर्षे वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला, रक्कम कितीही असो, हे पितळी पदक द्यावे. ते विकत मिळू नये, कितीही पैसे मोजले तरी. लाखाची देणगी देणाऱ्यालाही पाच वर्षे थांबावे लागेल. माझी खात्री आहे की मग त्याला ते हवेसे वाटेल.

हे कशासाठी, तेही सांगतो. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातून कोयते निघतात. ट्रॅक्टरवर संसार चढतो, पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातो आणि त्यात शाळेतली मुलगीही जाते, कारण मागे तिला सांभाळायला कोणी नसते. गुढीपाडव्याच्या आसपास ती परतते तेव्हा वर्ष निघून गेलेले असते. दोनतीन वर्षे असे झाले की पुढे तिचे लग्नच कानावर येते. वसतिगृहातली एक खाट म्हणजे अशा एका मुलीचे शाळेतले वर्ष. खाट एका हंगामापुरती नाही, मुलगी दहावी होईपर्यंत लागते. एकदाच येणाऱ्या पैशावर ती पाच वर्षांची हमी देता येत नाही. म्हणून मी पाच वर्षांच्या वर्गणीदारावर इतका भर देतो आहे.

आपल्या बीडच्या खजाना बावडीत सोळाव्या शतकात सलाबतखानाने पैसा घातला, आणि त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेते भिजली. पदकाच्या एका बाजूस कमानीऐवजी ती बावडी घालावी, असे आपल्या चित्रकला शिक्षकांनी सुचवले आहे. मला ते पसंत आहे, निर्णय कार्यकारिणीने घ्यावा.

कामाची वाटणी मी अशी सुचवतो. मागील पाच वर्षांची पावतीपुस्तके दोन शिक्षक आणि दोन पालक यांनी मिळून तपासावीत. यादी शाळेच्या फलकावर महिनाभर लावावी, म्हणजे कोणाचे नाव राहिले असल्यास सांगता येईल. ज्यांनी नाव गुप्त ठेवण्यास सांगितले आहे त्यांचा फक्त पावती क्रमांक लिहावा. त्यानंतरच कारागिराला नगांचा आकडा द्यावा. ठसा संस्थेच्या तिजोरीत कुलपात राहील आणि किती पदके पाडली, कोणाला दिली, किती उरली याची नोंदवही सर्वसाधारण सभेपुढे दरवर्षी ठेवली जाईल. पावतीपुस्तके कार्यालयात बांधून ठेवली आहेत. ज्यांना या कामात वेळ देता येईल त्यांनी संमेलन संपल्यावर मुख्याध्यापकांकडे नावे द्यावीत.